चौथी पुडी

गोळी मी दिली होती. हे आधी लिहून टाकतो, कारण मागच्या वेळी मी हेच वाक्य शेवटी बोलायचं ठरवलं आणि त्या शेवटापर्यंत पोहोचायला मला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत, ज्याने आयुष्यात बिडी ओढली नाही अशा माणसाला सगळे नशेबाज म्हणत राहिले आणि मी ते ऐकत राहिलो. गोळी चुकून गेली. गप्प मात्र मी चुकून बसलो नव्हतो.

आम्ही दिल्लीतल्या द्वारकेत राहतो, एका सोसायटीत. नोकरी मानेसरला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या ऑफिसात. पुण्याहून इथे येऊन वीस वर्षं झाली, पण आमच्या घराचा दिल्लीच्या डॉक्टरांवर कधी विश्वास बसला नाही. औषधं पुण्याहूनच यायची. आई आमच्याकडे राहायला आली तेव्हा ती बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा भरून गोळ्या घेऊन आली. तिची बोटं संधिवाताने वाकडी झाली होती, स्ट्रिप दाबून गोळी बाहेर काढणं तिला जमत नसे. म्हणून दर रविवारी जेवणं झाली की मी आठवड्याच्या गोळ्या स्ट्रिपमधून काढून ताटलीत ठेवायचो आणि ती त्यांच्या पुड्या बांधायची. कागद म्हणजे रोज फाडायच्या दिनदर्शिकेची मागच्या आठवड्याची पानं, मधून कापून अर्धी केलेली. सर्दीच्या गोळीची पुडी तीन कोनी, झोपेच्या गोळीची चौकोनी. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, त्यामुळे ती हाताने चाचपून ओळखायची. नाव लिहायची गरज नव्हती. घरात सगळ्यांना माहीत होतं.

दिवाळीनंतर आई गेली. एका बुधवारी सकाळी ती उठलीच नाही. डबा तसाच राहिला. तिच्या हातच्या घड्या उलगडून गोळ्या कचऱ्यात टाकायच्या, हे माझ्याच्याने होईना. उलट मी त्या वापरायला लागलो. ऑफिसात कुणाला शिंक आली की माझ्या बॅगेतून तीन कोनी पुडी निघायची. लोक हसायचे, पण घ्यायचे. 'पुणेवाला डॉक्टर' म्हणायचे मला. ते मला आवडायचं, हेही कबूल करतो.

फेब्रुवारीतली गोष्ट. मला मानेसरला सोडायला आणि आणायला मी एक ड्रायव्हर ठेवला होता. चाळिशी उलटलेला, बिहारचा, अतिशय सरळ माणूस. इतका सरळ की लाल दिव्याला आमच्या मागे उभे असलेले लोक खाली उतरून त्याला शिव्या घालायचे. त्या दिवशी तो वाटभर शिंकत होता. कारखान्याच्या फाटकासमोर चहाची टपरी आहे, तिथे उतरताना मी चष्मा न लावता बॅगेत हात घातला, चाचपलं, आणि तीन कोन लागले ती पुडी त्याच्या हातावर ठेवली.

"चाय के साथ ले लो."

"साहब, इससे नींद तो नहीं आएगी?"

"बिल्कुल नहीं. मैं खुद खाता हूँ."

हे वाक्य मी बोललो. ते नंतर तीन वेगवेगळ्या कागदांवर, तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत नोंदलं गेलं.

त्याने चहाबरोबर गोळी घेतली, कप संपवला आणि रिकामी गाडी घेऊन द्वारकेकडे निघाला. तासाभराने त्याचा फोन आला. जीभ जड होती. "साहब, आँख लग गई. साहब, दो साइकिल वाले थे."

मी ऑफिसच्या गाडीने तिथे पोहोचलो. रात्रपाळी संपवून खोलीवर परतणारे दोघे भाऊ होते. धाकटा जागेवरच गेला होता. थोरल्याला दवाखान्यात नेलं होतं, त्याचा पाय मांडीत मोडला होता. थोरल्याची सायकल ओळखू येत नव्हती. धाकट्याच्या सायकलला मात्र ओरखडासुद्धा नव्हता. कुणीतरी ती उचलून कठड्याला टेकवून ठेवली होती. हँडलला डब्याची पिशवी तशीच लटकत होती आणि घंटी चमकत होती. माणूस नाही आणि सायकल धडधाकट, हे मला अजूनही मनात नीट बसवता येत नाही. माझा ड्रायव्हर पोलिसांच्या गाडीत बसून झोपला होता. त्याला उठवून तोंडाने हवा फुंकायला लावली, यंत्रात शून्य आलं. दारू नाही म्हणजे दुसरी कसली तरी नशा, असं म्हणून त्याचं रक्त काढून घेतलं. झडतीत डॅशबोर्डवर पुडीचा रिकामा कागद सापडला.

इथून पुढे सगळं इतक्या गंभीरपणे घडत गेलं की त्यातला वेडेपणा मला फार उशिरा दिसला.

तिसऱ्या दिवशी तपास अधिकाऱ्यांनी मला बोलावलं. टेबलावर तो कागद एका पारदर्शक पिशवीत होता. दिनदर्शिकेचं अर्धं पान, त्यावर मराठीत तिथी आणि 'आजचा सुविचार' याची अर्धी ओळ.

"ये पुड़िया कहाँ से आई?"

"मैंने दी थी, सर."

खोलीतले चारही जण एकदम माझ्याकडे पाहायला लागले. दारातला शिपाई हळूच वाट अडवून उभा राहिला.

"सर्दी की गोली थी, सर. मेरी माँ बाँधती थी."

"माताजी कहाँ हैं?"

"गुज़र गईं."

अधिकाऱ्यांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. पुरवठा करणारी मुख्य व्यक्ती मयत, एवढंच त्यांना कळलं असावं. मग त्यांनी कागदावरच्या तिथीकडे बोट दाखवून विचारलं, "ये चतुर्थी को माल आता है क्या?" मी चतुर्थी म्हणजे काय ते सांगितलं. ते म्हणाले, चतुर्थी आम्हालाही कळते. शेवटी मी घरून सर्दीच्या गोळीची स्ट्रिप आणून दिली, ती फायलीला टाचली गेली, आणि मी जबाबावर सही केली : आपण फक्त सर्दीची गोळी दिली, तिने झोप येत नाही. त्या दिवशी हे मला खरोखरच खरं वाटत होतं. एवढं एक माझ्या बाजूने.

ड्रायव्हरला जामीन मिळाला, पण लायसन्स जप्त झालं. सर्दीच्या गोळीने माणूस चालत्या गाडीत झोपत नाही हे त्यालाही पटलं. 'साहब गलत गोली नहीं देते,' हे तो शपथेवर सांगायचा. मग उरलं काय? चहा. त्याने जाऊन टपरीवाल्याची कॉलर धरली. टपरीवाल्याने त्याला किटलीने मारलं. भांडण ठाण्यात गेलं आणि पोलिसांनी टपरीवरून चहाचा नमुना बाटलीत भरून, लाखेची मोहोर करून तपासणीला पाठवला. पुढे त्याचा अहवाल आला : चहापत्ती, साखर, आलं, अल्प प्रमाणात दूध. टपरीवाल्याचा राग त्या 'अल्प प्रमाणात'वर होता. त्याने तो कागद कधीच कुणाला दाखवला नाही.

रक्ताचा अहवाल यायला सात महिने लागले. गणपतीच्या आदल्या आठवड्यात माझ्या वकिलांनी तो मला फोनवर वाचून दाखवला. झोपेचं औषध. "देखा? आदमी गोलियाँ खाता था," ते खुशीत म्हणाले. "आपकी सर्दी की गोली साफ़ बच गई."

त्या संध्याकाळी मी डबा उघडला.

हिशोब अगदी सोपा होता. शेवटच्या रविवारी आईने झोपेच्या सात पुड्या बांधल्या, गोळ्या मीच काढून दिल्या होत्या. रविवार, सोमवार, मंगळवार, तीन रात्री तीन पुड्या. बुधवारी ती गेली. चार उरायला हव्या होत्या. डब्यात चौकोनी पुड्या तीन होत्या. मी तीन कोनी पुड्या एकेक करून उलगडल्या, सगळ्यांत सर्दीच्याच गोळ्या. पुन्हा चौकोनी मोजल्या. तीनच. मग डब्याच्या तळाशी दाबून बसलेल्या एका चौकोनी पुडीचा कोपरा दुमडलेला दिसला. डोळे मिटून मी ती चाचपली. तीन कोन लागले.

बायकोने आतून विचारलं, "अहो, काय शोधताय?"

"काही नाही," मी म्हणालो. त्या पाच महिन्यांची सुरुवात या दोन शब्दांनी झाली.

दुसऱ्या दिवशी मी वकिलांकडे गेलो आणि आडून विचारलं. समजा, एखाद्या माणसाच्या हातून चुकून दुसरीच गोळी गेली असेल तर? वकिलांनी खुर्ची मागे सरकवली. "वो आदमी घर बैठे. किसी ने पूछा है उससे?"

"नहीं. पर कम से कम उस साइकिल वाले के भाई को जाकर सॉरी तो..."

"सॉरी मतलब साइन करना. आप दुख प्रकट कर सकते हैं. माफ़ी नहीं. दुख में कोई दफ़ा नहीं लगती."

दुःखाला कलम लागत नव्हतं, म्हणून मी दुःख व्यक्त करत राहिलो. ड्रायव्हरच्या घरी आट्याची पोती पाठवली. तो आता वीस-वीस लिटरचे पाण्याचे जार हातगाडीवरून घरोघर पोहोचवत होता, कारण आमच्या सोसायटीने त्याचं नाव गेटवरच्या काळ्या यादीत लावलं होतं. आटा मिळाला की तो फोन करायचा. "साहब, आप ही एक हैं जो मानते हैं." मी फोन ठेवल्यावर बराच वेळ बाथरूममध्ये नळ सोडून उभा राहायचो.

कोर्टात मी सरकारी साक्षीदार होतो. माझी साक्ष म्हणजे तोच जबाब पुन्हा सांगायचा, सर्दीची गोळी, झोप येत नाही. दर तारखेला मी मनाशी ठरवून जायचो की आज खरं सांगायचं. आणि दर तारखेला काहीतरी व्हायचं. एकदा न्यायाधीश रजेवर. एकदा वकिलांचा संप. एकदा मी हजर, सरकारी वकील हजर, पण फाईल दुसऱ्याच कोर्टात गेली होती. एकदा माझं नाव पुकारलं, मी पिंजऱ्यात जाऊन उभा राहिलो, घसा खाकरला आणि वीज गेली. पुढची तारीख. प्रत्येक वेळी बाहेर आलो की मला आधी सुटल्यासारखं वाटायचं आणि पार्किंगपर्यंत पोहोचेतो स्वतःची किळस यायची.

बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी थोरला भाऊ बसलेला असायचा. त्याची साक्ष लवकर होऊन गेली होती, तरी तो यायचा. लंगडत यायचा, शेंगदाण्याचा पुडा उघडून आधी माझ्यापुढे धरायचा. गाडी माझी होती हे त्याला माहीत होतं. त्याबद्दल त्याच्या मनात काही नव्हतं.

"गाड़ी का क्या कसूर, बाबूजी. नशा तो उसने किया. नुकसान तो आपका भी हुआ. बंपर पूरा बदलना पड़ा होगा?"

"हाँ," मी म्हणालो. "पूरा."

"च्च."

बंपरबद्दल त्याने मनापासून हळहळ व्यक्त केली. मी शेंगदाणे चावत राहिलो.

तो यायचा ते सायकलीसाठी. धाकट्याची ती धडधाकट सायकल ठाण्याच्या आवारात मुद्देमाल म्हणून उभी होती. थोरल्याला मोडक्या पायाने कारखान्यापर्यंत चालवत नव्हतं, पण पॅडल मारता येत होतं. सायकल मिळण्यासाठी अर्ज करावा लागायचा, अर्जाला सायकलीचं बिल लागायचं. बिल धाकट्याच्या नावावर. धाकट्याची सही हवी, किंवा त्याने स्वतः हजर राहायला हवं. खिडकीतल्या माणसाने हे त्याला दोनदा समजावून सांगितलं होतं. मग अर्ज मी लिहून द्यायला लागलो. बाकावर बसून, मांडीवर कागद ठेवून, माझ्या हस्ताक्षरात.

"लिखिए, नशे की हालत में ड्राइवर ने," तो सांगायचा.

"इतना लिखना ज़रूरी है?"

"लिखिए, बाबूजी. सच बात है."

मी लिहिलं. एकूण चार अर्ज. चारही अर्जांत ते वाक्य माझ्या वळणदार अक्षरात आहे.

जानेवारीत आमच्या सोसायटीला जाग आली. कमिटीने ड्रायव्हर लोकांसाठी नशामुक्ती शिबिर भरवलं आणि प्रमुख वक्ता म्हणून मला बोलावलं. अनुभव होता ना मला. सेक्रेटरींनी गेटवर बॅनर लावला, त्यावर स्टीअरिंग धरलेला हात, काट मारलेली बाटली, आणि मधोमध माझा पासपोर्ट फोटो. नको म्हणायला मी गेलो होतो, पण बॅनर छापून झाला होता. बायकोने माझ्यासाठी जाकीट इस्त्री करून ठेवलं होतं.

क्लबहाऊसमध्ये साठेक ड्रायव्हर बसले होते. सगळ्यांना एकेक समोसा आणि एकेक शपथपत्र दिलेलं. मी बोललो. काय बोललो ते आठवत नाही. 'भरोसा' हा शब्द बऱ्याचदा आला, असं नंतर बायकोने सांगितलं. टाळ्या पडल्या. सेक्रेटरी म्हणाले, किसी का कोई सवाल? मागच्या रांगेतून एक ड्रायव्हर उठला. नाक लाल, गळ्यात मफलर.

"साहब, सर्दी की गोली ले सकते हैं?"

सगळे हसले. सेक्रेटरीही हसले. मी माईक धरून उभा होतो. उत्तर येत होतं मला. त्या खोलीत ते फक्त मलाच येत होतं. माझ्या तोंडून निघालं, "पहले चश्मा लगाइए." लोक आणखी हसले, टाळ्या पुन्हा पडल्या आणि मला एक तुळशीचं रोप भेट मिळालं.

ते रोप घेऊन मी घरी आलो. बायको स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. मी रोप ओट्यावर ठेवलं आणि म्हणालो, "आईची चौथी पुडी मीच दिली त्याला. झोपेची."

तिने हातातली जुडी खाली ठेवली नाही. "केव्हा कळलं?"

"रिपोर्ट आला त्या दिवशी."

"म्हणजे गणपतीच्या आधी." ती बोटांवर मोजत होती. "आणि मंडळाच्या आरतीला पुढे उभे राहून तुम्ही टाळ वाजवत होतात."

"हो."

"यार, तुम्ही ना..." खूप रागावली की ती मला यार म्हणते, वीस वर्षं दिल्लीत काढल्याचा परिणाम. "तो माणूस जार ढकलतोय दारोदार. त्याची बायको परवा मला भेटली तर खाली बघून निघून गेली. मला वाटलं, तिला लाज वाटते. अहो, लाज आपल्याला वाटायला हवी होती! पुढची तारीख कधी आहे?"

"अठ्ठावीस."

"त्या दिवशी वीज गेली तर मेणबत्ती लावून बोला. मी येते बरोबर."

अठ्ठावीस तारखेला सगळे हजर होते. वीजही होती. ड्रायव्हर आरोपीच्या जागी हात जोडून उभा होता. थोरला भाऊ तेवढा त्या दिवशी नव्हता, त्याला सुट्टी मिळाली नव्हती. सरकारी वकिलांनी मला ठरलेला प्रश्न विचारला आणि मी म्हणालो, "सर, मैंने इन्हें नींद की गोली दी थी. गलती से. इन्हें मालूम नहीं था."

सरकारी वकिलांनी चष्म्यावरून पाहिलं. "आप अपने बयान से मुकर रहे हैं?"

"मुकर नहीं रहा. सुधार रहा हूँ."

न्यायाधीश बाईंनी टंकलेखकाला काय लिहायचं ते सांगितलं, आणि सरकारी वकिलांच्या विनंतीवरून मला फितूर साक्षीदार ठरवण्यात आलं. खोटं सांगत होतो तोवर मी सरकारचा भरवशाचा माणूस होतो. खरं बोललो त्या मिनिटाला फितूर झालो. मागच्या बाकावर बायकोने कपाळाला हात लावला.

मी आईच्या तीन कोनी आणि चौकोनी पुड्यांचं सांगितलं, मग सरकारी वकिलांनी माझी उलटतपासणी सुरू केली. ड्रायव्हरला वाचवायला आज ही गोष्ट रचली आहे, पुडी चौकोनी होती याला पुरावा काय? मी म्हणालो, फायलीत कागद आहे. आईच्या घडीच्या खुणा त्यावर असतील.

बाईंनी कागद मागवला. तो टाचणीने स्ट्रिपला जोडलेला होता, मोहोर फोडून तो समोर ठेवण्यात आला. मग बाई मला म्हणाल्या, "आप बनाकर दिखाइए. दोनों तरह की."

कोर्टात दिनदर्शिका होती. तिची दोन पानं फाडायची की नाही यावर थोडी चर्चा झाली, कारण ती सरकारी होती. शेवटी माझ्या बायकोने पर्समधून किराण्याची यादी काढून दिली. मी ती मधून फाडली आणि पिंजऱ्याच्या कठड्यावर ठेवून पुड्या बांधायला लागलो. आई बांधायची तेव्हा मी तिच्या समोर बसलेला असायचो, पण स्वतः कधी बांधली नव्हती. पहिली उसवली. वाट पाहणारे वकील, दुसऱ्या केसमधले बेड्या घातलेले दोन जण, शिपाई, सगळे माना उंच करून पाहत होते. "कोना अंदर डालिए," बेडीवाल्यांपैकी एक म्हणाला. त्याला गप्प बसवलं गेलं, पण त्याचं बरोबर होतं. मी कोपरा आत घातला.

दोन्ही पुड्या उलगडून बाईंपुढे ठेवल्या. एकीवर तिरप्या घड्या, एकीवर आडव्या-उभ्या. फायलीतल्या कागदावर आडव्या-उभ्या घड्या होत्या, आणि एका कोपऱ्यावर एक तिरपी, दुमडल्याची. वर्षभर तो कागद त्या फायलीत बसून हेच सांगत होता. किराण्याच्या यादीचे दोन तुकडे पुरावा म्हणून दाखल झाले. त्यातल्या एकावर 'हिंग, साबुदाणा अर्धा किलो' असं आहे.

बाहेर आल्यावर मी ड्रायव्हरपुढे उभा राहिलो. तो फोनवर बायकोशी बोलत होता. "सुन, साहब ने बोल दिया. मैं नशेड़ी नहीं हूँ. हाँ, लिखा भी गया." फोन ठेवून त्याने माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले तर त्याने ते धरून खाली केले.

"अभी नहीं, साहब. अभी मैं खुश हूँ. दो-चार दिन में मुझे गुस्सा आएगा, तब आइएगा." मग त्याला काहीतरी आठवलं. "आज तो मुझे चायवाले से माफ़ी माँगनी है."

तो खरंच तिकडेच गेला. चार दिवसांनी मी त्याच्या खोलीवर गेलो. तेव्हा त्याला राग आला होता आणि त्याने तो अर्धा तास, नीट, एकही शिवी न देता व्यक्त केला. मी उभा राहून ऐकला आणि माफी मागितली. त्याने ती घेतली की नाही हे त्याने सांगितलं नाही. लायसन्स परत मिळाल्यावर तो दुसरीकडे नोकरीला लागला.

तो निर्दोष सुटला तो एप्रिलमध्ये. मला नोटीस आली, आता माझी स्वतःची केस आहे. पहिल्या तारखेला न्यायाधीश रजेवर होते. माझ्या वकिलांनी माझी केस सोडली.

मेमध्ये थोरल्या भावाचा फोन आला. "बाबूजी, साइकिल मिल रही है. अर्ज़ी आपकी लिखाई में है, पहचान के लिए आप आ जाइए." मग आवाज खाली करून म्हणाला, "ड्राइवर छूट गया, सुना आपने? कोई गवाह बिक गया."

मी म्हणालो, येतो.

ठाण्याच्या आवारात सायकल वाळलेल्या बोगनवेलीखाली होती. घंटी गंजली होती, दोन्ही चाकांत हवा नव्हती, सीटवर मुद्देमालाचा क्रमांक रंगवला होता. मी सही केली : हीच ती सायकल. थोरल्याने डाव्या हाताने हँडल धरलं आणि लंगडत ढकलायला लागला. मी मागून कॅरिअर धरलं. रस्त्यापलीकडे पंक्चरवाला होता. त्याने हवेचा पंप सुरू केला, तो इतका मोठ्याने धडधडत होता की दुकानाची पत्र्याची भिंत हलत होती.

मी म्हणालो, "वो गवाह मैं था."

"क्या?"

"गवाह. मैं था. बिका नहीं था."

"ज़ोर से बोलिए, बाबूजी, हवा भर रही है!"

घरून मी वाक्यं ठरवून आलो होतो, सगळी हळू आवाजातली. ती मला भर दुपारी, पंक्चरवाल्याच्या देखत, दोन रिक्षावाल्यांच्या देखत, घसा फोडून बोलावी लागली.

"गोली मैंने दी थी! बिना देखे! ड्राइवर ने कोई नशा नहीं किया! मुझे पता चल गया था, फिर भी पाँच महीने आपके बगल में बैठकर चुप रहा! अर्ज़ी में झूठ लिखता रहा!"

चाकात हवा भरली. पंक्चरवाल्याने पंप बंद केला आणि एकदम शांत झालं. थोरला माझ्याकडे पाहत होता. त्याचा हात घंटीवर होता.

ओरडायची गरज आता नव्हती, पण आवाज खाली आणणं मला जमलं नाही. दुःख व्यक्त करायचं नाही, एवढंच मी स्वतःला बजावलं.

"आपका भाई मेरी वजह से गया," मी म्हणालो. "माफ़ी माँगता हूँ."